डॅशुंडची पाठ, ऑपरेशनशिवाय : पुण्यातल्या पेट रिहॅब सेंटरचा आमचा अनुभव

ज्यांच्या घरी डॅशुंड, बीगल, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल, फ्रेंच बुलडॉग यातलं कोणी आहे त्यांनी हा रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचा, लांब आहे पण कामाचा आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण गुडघा गेलेला लॅब्रॅडॉर कुत्रा असो नाहीतर गॅलरीतून पडलेली मांजर, "ऑपरेशन करायचं का नाही" हा प्रश्न समोर आला की घरातली सगळी माणसं गोंधळून जातात आणि त्या वेळी नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं तर जीव भांड्यात पडतो. आम्हाला तसं माणूस या सेंटरमध्ये भेटलं. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आमचा चिकू डॅशुंड आहे, पाच वर्षांचा. उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी उठला तो पाठीला पोक काढूनच, उचलायला गेलं की केकाटायचा, मान खाली घालून थरथरत उभा राहायचा. जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेला, तिथे इंजेक्शन दिलं, मोच आहे म्हणाले, दोन दिवसांत पळायला लागेल. आणि खरंच पळाला हो, दुखणं गेलं तसा दिवाणावरून खाली उड्या मारायला लागला, कारण विश्रांती द्या असं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मागचे पाय दारू प्यायल्यागत डुलायला लागले आणि दुसऱ्या दिवशी उभंच राहता येईना, नुसते पुढच्या पायांवर अंग ओढत चाललेलं. बाबांना तर ते बघवेना. वर त्या चिठ्ठीत स्टिरॉइडची गोळी आणि दुसरी एक पेनकिलर दोन्ही एकत्र लिहिलेली होती. हे दोन्ही एकत्र कुत्र्याला द्यायचं नसतं, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. ते आम्हाला नंतर या सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी बघितल्या बघितल्या सांगितलं. क्लिनिकचं नाव घेत नाही, पण तुमच्या चिठ्ठीत अशी जोडी दिसली तर पहिली गोळी द्यायच्या आधी फोन करून विचारा एवढं नक्की सांगेन.

आता सेंटरबद्दल. मैत्रिणीने नंबर दिला, मी अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर तिकडून वेळ सांगायच्या आधी प्रश्न सुरू झाले. मागचे पाय थोडे तरी हलतात का, शेपटी हलते का, शू कधी केली शेवटची, बोट दाबलं की वळून बघतो का. मी म्हटलं पाय हलतात पण उभा राहत नाही. तर म्हणाल्या लगेच घेऊन या, पण वाटेत किंवा घरी कधीही असं वाटलं की पायाला काहीच कळत नाहीये, तर आमच्याकडे येऊ नका, सरळ सर्जरीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला जा, तिथे एकेक तास मोलाचा असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. ज्यांचा धंदाच ऑपरेशनशिवाय बरं करायचा आहे ते स्वतःहून सांगतायत की या स्थितीत आमच्याकडे येऊ नका. तिथेच माझा अर्धा विश्वास बसला.

तपासणी जवळजवळ तासभर चालली आणि आम्हाला बाहेर बसवलं नाही, समोरच उभं केलं. चिकूला रबरी मॅटवर ठेवून आधी नुसतं बघत बसल्या, हात लावला नाही. मग पोटाखाली हात देऊन उभा केला आणि मागचा एक पंजा उलटा करून ठेवला, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला. धडधाकट कुत्रा असा पंजा क्षणात सरळ करतो. चिकूने उजवा हळूच, विचार करत सरळ केला आणि डावा तसाच राहिला, उलट्या पंजावर उभा, त्याला कळतच नव्हतं. मग मॅडमनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय मागे ओढला तर मला वाटलं झालं, कळतंय त्याला. तर म्हणाल्या नाही ताई, पाय ओढला म्हणजे काही सिद्ध होत नाही, तो नुसता रिफ्लेक्स असतो, पाठीचा कणा पूर्ण तुटलेल्या कुत्र्याचाही पाय ओढला जातो. डोक्यापर्यंत निरोप पोचला पाहिजे. तोंडाकडे बघा. परत दाबलं, चिकूने गर्रकन मान वळवली आणि चावायला आला. मॅडम हसल्या, म्हणाल्या हेच पाहिजे होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा.

मग कागदावर चित्र काढून समजावलं. आखूड पायांच्या या जातींमध्ये मणक्यांच्या मधल्या गाद्या लहान वयातच म्हाताऱ्या होतात, आतला मऊ गर सुकून खडूसारखा होतो आणि एखाद्या उडीत, कधी कधी काही न करताही, गादी फुटून तो गर वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. बहुतेक वेळा छाती संपून कंबर सुरू होते त्या भागात. आयव्हीडीडी म्हणतात. पाच ग्रेड असतात. पहिलीत नुसतं दुखतं, दुसरीत डुलत चालतो, तिसरीत पाय हलतात पण चालता येत नाही, चौथीत हालचाल बंद पण खोल वेदना कळते, पाचवीत तीही नाही. पाचवीत ऑपरेशन करूनही साधारण निम्मेच कुत्रे परत चालतात आणि तेही लवकर झालं तर, ऑपरेशनशिवाय तर आशा फारच कमी. चिकू तिसरीत होता. साध्या एक्सरेमध्ये हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही, नक्की कुठे आणि किती दाब आहे ते एमआरआयमध्ये कळतं, पण एमआरआयला भूल द्यावी लागते आणि तो मुख्यतः ऑपरेशन करायचं ठरलं तर लागतो.

आणि इथे परत एक गोष्ट. उपचार सुरू करायच्या आधी त्यांनी आम्हाला सर्जनकडे पाठवलं. स्वतः फोन करून केस सांगितली. म्हणाल्या तिसऱ्या ग्रेडला सर्जरी हा योग्य पर्याय आहे, विश्रांती आणि रिहॅब हाही पर्याय आहे, सर्जरीत बरं व्हायची शक्यता जास्त आणि परत व्हायची शक्यता कमी, पण खर्च आणि भूल आहे, तुम्ही दोन्ही बाजू ऐकून ठरवा. सर्जननेही तेच सांगितलं, वेदना कळतेय आणि स्थिती खालावत नाहीये तोपर्यंत थांबून बघायला हरकत नाही, खालावली तर त्याच दिवशी या. खर्च आम्हाला झेपणारा नव्हता हे खरं आहे आणि हे इथे लिहायला मला काही लाज वाटत नाही, पुण्यातल्या बहुतेक घरांची तीच गोष्ट आहे. मग आम्ही ऑपरेशन न करता जायचं ठरवलं.

ज्यांनी सेंटरचे व्हिडिओ बघितलेत त्यांना वाटतं गेल्या गेल्या पाण्यातल्या ट्रेडमिलवर चढवतील. आमच्या बाबांनाही तेच वाटत होतं, काचेच्या पेटीत पाणी भरतं आणि कुत्रा चालतो ते बघून ते फार खुश झाले होते. तर मॅडमनी सरळ नाही सांगितलं. फुटलेली गादी भरून यायला वेळ लागतो, किमान 4 आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, फक्त शू-शीला उचलून बाहेर, उड्या बंद, जिना बंद, पाहुण्यांच्या अंगावर धावणं बंद. त्या आधी ट्रेडमिलवर घेतलं तर उरलेला गर पण बाहेर येईल. पैसे कमवायचे असते तर पहिल्याच दिवशी पॅकेज विकलं असतं, आम्ही घेतलंही असतं. पिंजरा केवढा हवा तेही मापाने सांगितलं, वळता येईल आणि अंग पसरून झोपता येईल एवढाच, त्याहून मोठा नको.

या काळात खरं काम घरी होतं आणि ते त्यांनी शिकवलं. पहिली गोष्ट शू. मागचा भाग लुळा असला की पुष्कळदा ब्लॅडर रिकामं होत नाही, थेंब थेंब गळतं आणि आपल्याला वाटतं करतोय की शू, पण आत भरलेलंच असतं आणि मग इन्फेक्शन. मॅडमनी माझा हात धरून चिकूच्या पोटावर ठेवला, कुठे गोल भरलेलं लागतं ते दाखवलं, दोन्ही बाजूंनी सपाट बोटांनी हळूहळू दाब कसा वाढवायचा ते शिकवलं, आणि मला जमेपर्यंत जाऊ दिलं नाही. आईलाही शिकवलं. आई आधी घाबरत होती, "काकू तुम्ही पोळ्या लाटता ना, तुमच्या हाताला दाबाचा अंदाज माझ्यापेक्षा जास्त आहे" असं म्हणून तिला तयार केलं. चिकूचं हे काही दिवसांतच सुटलं, तो स्वतः करायला लागला, पण ते दिवस आईने एकटीने निभावले कारण मी ऑफिसला आणि बाबांचे हात थरथरतात.

दुसरं म्हणजे हातापायाचे व्यायाम. कुशीवर झोपवून मागचा एकेक पाय घोटा, गुडघा, खुबा असा सावकाश वाकवायचा आणि सरळ करायचा, मग सायकल चालवल्यासारखा फिरवायचा. बोटांच्या मध्ये गुदगुल्या करायच्या म्हणजे तो स्वतः पाय ओढतो, तेवढंच स्नायूला काम. पंजा वेगवेगळ्या गोष्टींवर टेकवायचा, सतरंजी, पायपुसणं, गवत. पुढे मग पोटाखालून जुनी सुती ओढणी घालून थोडं वजन आपण उचलायचं आणि उभं करायचं, काही सेकंद, मग बसवायचं. दिसायला काहीच नाही, पण रोज तीन-चार वेळा करायला बसलं की कळतं. मॅडमनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजून फाइलमध्ये लिहिला होता, दर वेळी त्याच जागी मोजायच्या, त्यामुळे आम्ही घरी केलंय की नाही ते त्यांना टेपवरच दिसायचं.

आणि फरशी! आपल्याकडच्या सगळ्या नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, माणसाला छान, पण कमजोर पायाच्या कुत्र्याला त्यावर उभं राहणं फार अवघड, पाय फाकतात आणि कंबर पिळवटते. मॅडमनी मला घराचा व्हिडिओ मागवला. मग कुठे कुठे योगा मॅट टाकायच्या, दिवाणाला उतरण कशी करायची, खाण्याचं भांडं किती उंचीवर ठेवायचं, पंजाच्या खालचे केस कापा, नखं कापा, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. फरशी बदलायला काही लागत नाही, मॅट टाका. आमचा हॉल आता जिमसारखा दिसतो, असू दे.

वजनावरून मात्र बाबांची चांगलीच शाळा झाली. चिकूला सकाळचा पार्ले-जी आणि रात्रीची तूप लावलेली पोळी बाबांच्या ताटातून मिळायची. मॅडमनी बाबांचा हात चिकूच्या बरगड्यांवर ठेवला, काका बरगडी लागतेय का सांगा, नाही म्हणाले. मग बाबांनाच हाताची मूठ वळायला लावून दाखवलं, मुठीच्या मागची हाडं जशी नुसता हात फिरवला की लागतात तशी बरगडी लागली पाहिजे. रागावल्या नाहीत, पण प्रत्येक जादा ग्रॅम त्याच मणक्यावर बसतो म्हणाल्या. बाबांनी त्या दिवसापासून बंद केलं, उकडलेली दुधी आणि गाजर द्यायला लागले, आणि वजन उतरलं.

आता पाण्याची ट्रेडमिल, कारण सगळे तेच विचारतात. विश्रांतीचा काळ संपला, चिकू ओढणीच्या आधाराने चार पावलं टाकायला लागला तेव्हा सुरू केली. काचेची पेटी, खाली पट्टा, मागच्या दाराने आत घ्यायचं आणि मग कोमट पाणी हळूहळू चढतं. कल्पना साधी आहे, पाणी अंग उचलून धरतं. पाणी खुब्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा फक्त 38 टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के, म्हणजे पाणी किती भरायचं हे औषधाच्या डोसइतकं मोजून ठरवायचं असतं. आणि पाण्यातून पाय पुढे काढायचा तर तो उंच उचलावा लागतो, त्यामुळे सांधा जास्त वाकतो आणि स्नायूला जोर लागतो.

पहिल्यांदा त्यांनी चालवलाच नाही. नुसतं आत उभं केलं, समोरच्या काचेवर पीनट बटर लावलं, ते चाटत बसला तोवर पाणी चढलं, आणि उतरवलं. (पीनट बटरमध्ये झायलिटॉल नाही ना ते डब्यावर वाचा, कुत्र्यांना ते विष आहे, हेही त्यांनीच सांगितलं.) पुढच्या वेळी पट्टा अगदी मंद सुरू केला, तिथले दादा स्वतः मांडीपर्यंत पाण्यात बसलेले, चिकूचा मागचा डावा पंजा उलटा पडला की बोटाने सरळ करायचे, पडला की सरळ, पडला की सरळ, एक शब्द न बोलता. मी काचेला नाक लावून बघत होते. मग एकदा पंजा उलटा पडायला आला आणि दादांचं बोट पोचायच्या आधी चिकूनेच तो सरळ टाकला. दादांनी वर बघून मला अंगठा दाखवला. त्या दिवशी घरी येताना आईला फोन करून सांगताना मला नीट बोलताच येत नव्हतं.

स्वच्छतेबद्दल चांगलं सांगायचंय. पाण्याला फिल्टर आहे, प्रत्येक कुत्र्याला आधी आंघोळ, जुलाब असेल, कातडीला उघडी जखम असेल किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर पाण्यात घेत नाहीत, परत पाठवतात. काही लोकांना याचा राग येतो, पण बरोबर आहे ते.

लेझरही दिली, आधीच्या दुखण्याच्या काळात. कुत्र्यालाही गॉगल, आम्हालाही गॉगल. त्याने सूज आणि दुखणं कमी व्हायला मदत होते असं म्हणतात, पण मी विचारल्यावर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की या आजारात लेझरबद्दलचे पुरावे अजून एका दिशेचे नाहीत, काही अभ्यासात फरक दिसला, काहीत नाही, नुकसान नाही म्हणून देतेय, बजेट कमी असेल तर हे सोडा आणि घरचे व्यायाम सोडू नका. मला वाटतं या एका वाक्यासाठी पाच स्टार द्यावेत. मशिनी बऱ्याच ठिकाणी मिळतात हो. कुठली मशीन कधी लावायची नाही आणि कुठला पेशंट आपला नाही हे सांगणारा डॉक्टर मिळत नाही.

याचा अजून एक दाखला मी वेटिंगमध्ये बसून बघितला. एक काका मोठा थोरला लॅब घेऊन आले होते, मागचा पाय टेकवत नव्हता, गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटलेला. त्यांना ऑपरेशन नको होतं, पट्टा बांधा आणि पाण्यात चालवा म्हणत होते. मॅडमनी त्यांना सांगितलं की छोटा, दहा-बारा किलोचा कुत्रा असता तर वजन कमी करून, विश्रांती आणि व्यायामाने पुष्कळदा भागतं, पण हा पस्तीस किलोचा आहे, कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग उतरता असतो, प्रत्येक पावलाला मांडीचं हाड मागे घसरणार आणि सांधा झिजत राहणार. टीपीएलओ करून घ्या, त्यात हाड कापून तो उतार सपाट करतात आणि प्लेट बसवतात, मग नंतरच्या रिहॅबसाठी या, तेव्हा मी आहे. काका जरा नाराज होऊन गेले. पण समजा त्यांना इथे गोड बोलून ठेवून घेतलं असतं तर कुत्र्याचं काय झालं असतं?

मांजरवाल्यांसाठी थोडक्यात. मांजरंही घेतात, पण त्यांच्यासाठी वेगळी वेळ, कुत्रे नसताना. मांजरं पाण्यात फारशी रमत नाहीत, त्यांच्याकडून खेळण्याच्या मागे धावायला लावून, उशांवरून चालवून काम करून घेतात. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात बोर्ड आहे तो इथे परत लिहिते, मांजराला पॅरासिटॅमॉल कधीही देऊ नका, क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही आपली ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम द्यायची नाही. दुखतंय म्हणून प्रेमापोटी लोक देतात आणि मग किडनी घेऊन बसतात.

घोड्यांचं पण सांगते कारण हे फार लोकांना माहीत नाही. याच सेंटरचे एक डॉक्टर घोड्यांसाठी व्हिजिटला जातात. माझे मेहुणे अकलूजकडचे, त्यांना घोड्यांचा पहिल्यापासून नाद, दिवाळीच्या सुमाराला तिथे घोडेबाजार भरतो तो ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्यांच्या घोडीच्या पुढच्या पायाची नळीमागची नस (रक्ताची नव्हे, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुजली, हात लावला की गरम, आणि लंगडायला लागली. गावात एक जण डाग द्यायला तयारच होता, तापलेल्या सळईने नसेवर चटके, आणि दुसरा बिब्बा घाला म्हणत होता. मेहुण्यांनी मला फोन केला, मी या डॉक्टरांचा नंबर दिला. ते पोर्टेबल सोनोग्राफी घेऊन गेले. मेहुण्यांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवला, नसेचे धागे पांढरे दिसतात आणि मध्ये काळं भोक, तिथे धागे तुटलेले. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे ही नस गेली की प्रकरण सोपं नसतं.

उपचार काय, तर आधी रोज दिवसातून दोन-तीनदा पायावर पाइपने थंड पाण्याची धार वीस वीस मिनिटं, व्यवस्थित बँडेज, सूज उतरायचं औषध, तबेल्यात विश्रांती. मग हातात दोर धरून सपाट, कडक जमिनीवर नुसतं चालवणं, थोड्या मिनिटांपासून सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवत. दुडकी काही महिन्यांनी, तीही परत सोनोग्राफी बघून, आणि पळणं तर नऊ महिने ते वर्षभर नाही. नालबंदाला स्वतः समोर उभं करून खूर समतोल करून घेतले. पीआरपीचाही पर्याय दिला होता, म्हणजे घोडीचंच रक्त काढून फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग नसेत सोडतात. मेहुण्यांनी खर्चामुळे तो घेतला नाही, डॉक्टरांनी आग्रह केला नाही. डागाबद्दल ते जे बोलले ते मेहुण्यांना पटलं. म्हणाले, डाग दिल्यावर घोडा बरा होतो कारण डाग दिलाय म्हणून तुम्ही त्याला सहा महिने उभा ठेवता, बरं करते ती विश्रांती, चटका फुकटचा. नस भरून येते ती पहिल्यासारखी लवचिक नसते, त्यामुळे घाईने पळवली की त्याच जागेच्या आसपास परत जाते. घोडी अजून हातात दोर धरूनच चालतेय, सूज नाही, लंगडत नाही. मेहुणे रोजचं चालणं वहीत लिहून ठेवतात. माथेरानच्या घोडेवाल्यांना, लग्नाच्या वरातीत घोडी देणाऱ्यांना अशी सोय सहज मिळाली पाहिजे असं मनापासून वाटतं, त्यांचं तर पोटच त्या चार पायांवर आहे आणि आजही तिथे पहिला उपाय डाग नाहीतर मालिश हाच असतो.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे पैसे. तपासणीचे वेगळे, ट्रेडमिलच्या एका सेशनला हजार-दीड हजारच्या घरात जातात, आणि आठवड्यातून दोनदा जायचं म्हटलं की महिन्याचं गणित कोलमडतं. मशीन महाग आहे, माणसं शिकलेली आहेत, समजतं, पण हप्त्याची किंवा सवलतीची काहीतरी सोय करा अशी विनंती आहे. दुसरं म्हणजे जागा. पार्किंग नाही, आणि आत शिरताना दोन पायऱ्या आहेत. जिथे येणाऱ्या निम्म्या पेशंटना पायऱ्या चढता येत नाहीत तिथे दाराशी उतरण हवीच, आम्ही सांगितलंय, करतो म्हणालेत. तिसरं, संध्याकाळी व्हॉट्सॲपला उत्तर यायला फार वेळ लागतो. तब्येत अचानक बिघडली तर मेसेज टाकून वाट बघू नका, फोन करा, फोन मात्र उचलतात.

कुठेही दुसरीकडे जाणार असाल तर आधी एवढं विचारा. तपासणारा माणूस व्हेटर्नरी डॉक्टर आहे का, राज्याच्या कौन्सिलकडे रजिस्टर आहे का, आणि रिहॅबचं वेगळं शिक्षण घेतलंय का. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा सीसीआरपी म्हणून कोर्स आहे, तो केलेले लोक आता आपल्याकडेही आहेत. माणसांचा फिजिओथेरपिस्ट कितीही चांगला असला तरी कुत्र्याचं निदान त्याने करायचं नसतं. तपासणी न करता फोनवरच दहा सेशनचं पॅकेज सांगितलं तर तिथे जाऊ नका.

चिकू आता चालतो. डावा पाय दमल्यावर अजूनही थोडा ओढतो, तो तसाच राहील असं मॅडम म्हणाल्या, आणि दुसरी गादी कधीही जाऊ शकते त्यामुळे उड्या जन्मभर बंद. घरी झाडूच्या दांड्या जमिनीवर अंतराअंतराने ठेवून त्यावरून त्याला रोज सकाळी चालवतो, पाय उचलायची सवय राहते. ते काम बाबांनी घेतलंय.

जाताना आधीचे सगळे एक्सरे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कुत्रा चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा, मागून आणि बाजूने दोन्हीकडून काढलेला, कारण दवाखान्यात गेलं की घाबरून ही पोरं वेगळीच चालतात. दोन तास आधी खायला देऊ नका. शनिवारी फार गर्दी असते, मंगळवार-बुधवारची सकाळची वेळ मागा. पाठीचा पेशंट असेल तर गाडीत मांडीवर घेऊ नका, टोपलीत किंवा सपाट फळीवर टॉवेल गुंडाळून न्या.